गावाचे मत कसे ठरते? ग्रामपंचायत निवडणुकीचे गणित

ग्रामपंचायत निवडणुकांचा निकाल लागला की त्याच संध्याकाळी प्रत्येक पक्ष आपण किती ग्रामपंचायती जिंकल्या याचा आकडा जाहीर करतो, आणि एकाच गावावर दोन-दोन पक्षांनी हक्क सांगितल्याचे दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत दिसते. हे दावे पडताळून पाहण्याची कोणतीही अधिकृत सोय नाही, कारण महाराष्ट्रात ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षांच्या चिन्हांवर होत नाही. कमळ, पंजा, घड्याळ, मशाल किंवा धनुष्यबाण यांपैकी एकही चिन्ह मतदान यंत्रावर नसते. तेथे असतात कपबशी, छत्री, रोडरोलर, शिट्टी, कपाट यांसारखी राज्य निवडणूक आयोगाच्या यादीतील मुक्त चिन्हे. निवडून आलेला सदस्य कागदोपत्री कोणत्याच पक्षाचा नसतो, तो पॅनेलचा असतो. आणि पॅनेल म्हणजे ग्रामदैवताच्या किंवा ‘परिवर्तन’, ‘ग्रामविकास’ अशा नावाखाली निवडणुकीपुरती केलेली जुळणी. तिला नोंदणी नसते, घटना नसते, आणि निकालानंतर महिनाभरात ती मोडली तरी कोणाला नवल वाटत नाही.

गावाकडच्या मतदानाविषयी बोलताना आपण बहुधा तीनच कारणे देतो : जात, पैसा आणि पुढाऱ्याचा शब्द. तिन्हींत तथ्य आहे, परंतु तेवढ्याने एकाही गावाचा निकाल नीट उलगडत नाही. नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी लोकसभा मतदारसंघ पाहा. कांदा निर्यातबंदीच्या रागात येथील शेतकऱ्यांनी २० मे २०२४ रोजी मतदान केले आणि भारतीय जनता पक्षाकडची ही जागा शरद पवारांच्या पक्षाकडे गेली. बरोबर सहा महिन्यांनी, २० नोव्हेंबर २०२४ रोजी, त्याच गावांनी विधानसभेसाठी मतदान केले, तेव्हा नांदगाव, कळवण, चांदवड, येवला, निफाड आणि दिंडोरी या सहाही जागा महायुतीने जिंकल्या. जात सहा महिन्यांत बदलली नव्हती, पुढारीही बहुतेक तेच होते. बदलला होता तो मतदारापुढचा प्रश्न. लोकसभेला प्रश्न कांद्याचा होता, विधानसभेला तो उमेदवाराचा, लाडकी बहीण योजनेचा आणि तालुक्यातील गटांचा झाला. ग्रामपंचायतीला हाच मतदार आणखी निराळ्या प्रश्नाचे उत्तर देत असतो : पुढची पाच वर्षे माझ्या घराचे काम कोणाकडे अडणार नाही? माझ्या मते गावच्या राजकारणातील बहुतेक गुंता या एका प्रश्नाभोवती फिरतो, आणि त्याचे उत्तर गावाच्या नव्हे, तर प्रभागाच्या पातळीवर शोधावे लागते.

एका प्रभागाचे गणित

कायद्याने ग्रामपंचायतीची सदस्यसंख्या लोकसंख्येवर ठरते. दीड हजारांपर्यंत वस्ती असेल तर ७ सदस्य, तीन हजारांपर्यंत ९, आणि याच पायऱ्यांनी वाढत साडेसात हजारांच्या वर १७. गावाचे प्रभाग पाडले जातात, प्रत्येक प्रभागातून साधारणपणे दोन किंवा तीन सदस्य निवडायचे असतात, आणि प्रभागात जितक्या जागा तितकी मते प्रत्येक मतदाराला असतात. ही शेवटची गोष्ट फार महत्त्वाची आहे. लोकसभेला आणि विधानसभेला एकच बटण दाबण्याची सवय असलेला मतदार येथे तीन बटणे दाबतो, सरपंच थेट निवडायचा असेल तर चार. आणि एका हातात तीन-चार मते आली की निष्ठाही वाटून देता येते.

समजा, २,४०० लोकवस्तीचे एक गाव आहे. ९ सदस्य, ३ प्रभाग, प्रत्येकी ३ जागा. त्यातील एका प्रभागात एक जागा सर्वसाधारण, एक सर्वसाधारण स्त्री आणि एक अनुसूचित जातीसाठी राखीव आहे. मतदानाच्या दिवशी ४७० मते पडली. त्यांपैकी १५० मते गावठाणातील एकाच आडनावाच्या मोठ्या भावकीची, ७५ दुसऱ्या लहान भावकीची, ९५ मळ्यातील वस्तीची, ७० बौद्ध वस्तीची आणि उरलेली ८० मते सुतार, न्हावी, परीट, मुस्लिम अशा चार-चार, पाच-पाच मतांच्या विखुरलेल्या घरांची. सरळ लढतीत जिंकण्यासाठी २३६ मते लागतात. म्हणजे मोठी भावकी अगदी एकमुखी राहिली तरी तिला बाहेरून ८६ मते मिळवावीच लागतात. ‘अमक्या जातीचे गाव आहे, तोच निवडून येणार’ हे विधान येथेच लंगडे पडते.

शिवाय भावकी एकमुखी राहत नाही. बांधाचा वाद, विहिरीतील हिस्सा, वाटणीत डावलल्याचा राग, पाणंद रस्ता अडवल्याचे प्रकरण, आजोबांच्या काळापासून चालत आलेला अबोला, अशी कारणे प्रत्येक भावकीत असतात आणि विरोधी पॅनेलच्या कारभाऱ्याला ती तोंडपाठ असतात. म्हणून तो आपला सर्वसाधारण जागेचा उमेदवार आपल्या भावकीतून न देता समोरच्याच्या भावकीतून देतो. १५० मतांचे ९० आणि ६० असे दोन भाग झाले की मोठ्या भागाच्या उमेदवाराला उरलेल्या ३२० मतांतून १४६ मिळवायची असतात आणि लहान भागाच्या उमेदवाराला १७६. आता सगळी धावपळ मळ्यातील वस्ती, बौद्ध वस्ती आणि ती विखुरलेली ऐंशी मते यांच्या दारात होते. एरवी ग्रामसभेत ज्यांना शेवटच्या रांगेत जागा मिळते त्या चार मतांच्या घरात मतदानाच्या आदल्या आठवड्यात दोन्ही पॅनेलची माणसे दिवसातून दोनदा चहाला येऊन जातात. अशा घरांना आपली किंमत नेमकी कळलेली असते. वस्तीवरचा दिवा, गटारीवरची फरशी, मुलाच्या दाखल्याचे अडलेले काम अशा मागण्या याच आठवड्यात पुढे येतात, आणि त्यांतील काही खरोखर पूर्ण होतात.

त्यातही तीन मते हाताशी असल्याने माणूस हिशेब करतो. दोन मते पॅनेलला, एक मत बायकोच्या माहेरच्या नात्यातील उमेदवाराला. किंवा एक मत ज्याने दवाखान्यात रात्री गाडी नेली त्याला. यालाच क्रॉस मतदान म्हणतात, आणि पॅनेलप्रमुखांची खरी झोप उडते ती यामुळेच. ते रोखण्यासाठी ‘पॅनेल टू पॅनेल मतदान करा’ हा प्रचार होतो. अडचण अशी की पक्षचिन्ह नसल्याने एकाच पॅनेलच्या तीन उमेदवारांना तीन वेगळी चिन्हे मिळतात. एकाला कपबशी, एकीला छत्री, एकाला शिट्टी. मग नमुना मतपत्रिका छापून घरोघर वाटल्या जातात. प्रत्येक जागेच्या मतपत्रिकेच्या रंगावरून खुणा सांगितल्या जातात : पांढऱ्या कागदावरची कपबशी, गुलाबी कागदावरची शिट्टी. ज्या आजींना वाचता येत नाही त्यांच्यासमोर सून तो कागद धरून बोटाने जागा दाखवते आणि आजी तीनदा म्हणून दाखवतात. एका चिन्हाची गल्लत झाली तरी निकाल फिरू शकतो, कारण येथील विजय पाच, नऊ, अकरा अशा मतांचे असतात, आणि समान मते पडली तर चिठ्ठी टाकून निकाल लावला जातो.

राखीव जागेकडे मात्र थोडे थांबून पाहिले पाहिजे. अनुसूचित जातीच्या जागेवर उमेदवार त्या समाजाचाच असतो, परंतु मत देतात प्रभागातील सर्व ४७० जण. वरच्या उदाहरणात बौद्ध वस्तीची ७० मते एकगठ्ठा एका उमेदवाराला पडली आणि उरलेल्या ४०० पैकी बहुतांश दुसऱ्याला पडली, तर वस्तीला नको असलेला उमेदवार वस्तीचा प्रतिनिधी होतो. संयुक्त मतदारसंघाच्या याच भीतीपोटी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतंत्र मतदारसंघांची मागणी केली होती आणि १९३२ च्या पुणे करारात ती सोडून द्यावी लागली. तो सगळा वाद आजही चारशे-पाचशे मतांच्या प्रभागात, अगदी उघड, पाहायला मिळतो. पॅनेलप्रमुख राखीव जागेसाठी बोलका, शिकलेला कार्यकर्ता टाळून ‘आपल्या ऐकण्यातला’ माणूस का शोधतो, याचे उत्तर या रचनेत आहे. वस्तीने एकजुटीने आपला उमेदवार ठरवून दोन्ही पॅनेलना तोच द्यायला भाग पाडल्याची उदाहरणेही आहेत, आणि माझ्या मते लहान समाजगटाकडे असलेली सर्वांत परिणामकारक ताकद तीच आहे.

गुप्त मतदान कितपत गुप्त?

कायद्याने मत गुप्त असते आणि यंत्रात कोणी काय दाबले हे कोणालाही कळत नाही. परंतु मोजणी केंद्रनिहाय होते. लोकसभा आणि विधानसभेनंतर प्रत्येक मतदान केंद्रावर कोणाला किती मते पडली याचा तक्ता, ज्याला नमुना २० म्हणतात, सर्वांसाठी खुला असतो. मतपेट्यांच्या काळात अनेक केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळून मोजण्याची सोय होती. यंत्रे आल्यावर ती राहिली नाही. अनेक यंत्रांतील मते एकत्रच मोजणारे ‘टोटलायझर’ वापरावे अशी शिफारस विधी आयोगाने २०१५ मध्ये केली होती, पण ती अमलात आलेली नाही. त्यामुळे कोणत्या गावाने कोणाला किती मते दिली हे तालुक्यातील प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ असते.

सोलापूर जिल्ह्यातील मारकडवाडी या लहान गावाचे नाव २०२४ च्या डिसेंबरमध्ये देशभर गाजले ते याच तक्त्यावरून. माळशिरस मतदारसंघातील विजयी उमेदवाराच्या समर्थकांना आपल्या गावातील केंद्रांचे आकडे मान्य नव्हते. आपल्या गावाने पराभूत उमेदवाराला इतकी मते दिलेली असूच शकत नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी ३ डिसेंबरला कागदी मतपत्रिकांवर पुन्हा मतदान घेण्याचे ठरवले, प्रशासनाने जमावबंदी लागू केली आणि तो प्रयत्न मागे घ्यावा लागला. यंत्रांविषयीचा वाद येथे बाजूला ठेवू. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की गावातील गटांना आपापल्या मतांचा अंदाज इतका पक्का असतो की आकडा वेगळा आला तर ते हिशेबावर नव्हे, यंत्रावर शंका घेतात. गुपचूप मत बदललेला शेजारी ही शक्यता त्यांच्या हिशेबात नसते.

ग्रामपंचायतीत तर प्रभाग म्हणजेच बहुधा एक मतदान केंद्र. निकालाच्या रात्री आकडे समोर ठेवून घराघराची बेरीज होते आणि कोणी शब्द फिरवला याची यादी तयार होते. ती यादी नेहमी बरोबर असते असे नाही, पण तिचे परिणाम मात्र खरे असतात. घरकुलाच्या प्राधान्य यादीत नाव मागे गेले, वस्तीची नळजोडणी रखडली, अशा तक्रारी निवडणुकीनंतर गावोगाव ऐकू येतात. ज्याचे पोट दुसऱ्याच्या शेतावरील मजुरीवर आहे त्याच्यासाठी मताची गुप्तता ही लोकशाहीच्या पुस्तकातील कल्पना नाही, ती रोजगाराची हमी आहे. लहान केंद्रांची मते मिसळून मोजण्याचा प्रश्न म्हणूनच शहरापेक्षा खेड्याला कितीतरी अधिक लागू पडतो, आणि त्याविषयी आपण फार कमी बोलतो याची मला खंत वाटते.

सोडत आणि सरपंच

तहसील कार्यालयात आरक्षणाची सोडत निघते तो दिवस गावच्या राजकारणात मतदानाच्या दिवसाइतकाच मोठा असतो. बरणीतून लहान मुलाच्या हाताने चिठ्ठ्या काढल्या जातात, आणि पाच वर्षे तयारी केलेल्या माणसाचे पद एका चिठ्ठीने महिलेसाठी किंवा दुसऱ्या प्रवर्गासाठी राखीव होते. ७३ व्या घटनादुरुस्तीने, म्हणजे १९९३ पासून, एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखीव झाल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये हे प्रमाण निम्मे केले. राखीव जागेवर त्याच माणसाची पत्नी किंवा सून उभी राहते आणि कारभार तोच पाहतो, ही टीका खरी आहे. पण तेवढेच सांगून थांबणे अन्यायाचे होईल. धनादेशावर सही तिची असते, ग्रामसभेच्या इतिवृत्तावर सही तिची असते, आणि पहिल्या वर्षी नवऱ्याकडे पाहून बोलणारी सरपंच तिसऱ्या वर्षी पंचायत समितीत पाण्याच्या टँकरसाठी स्वतः भांडताना दिसते, हे पाहिलेल्यांची संख्या आता लहान नाही.

इतर मागासवर्गाच्या २७ टक्के जागांचा इतिहास अधिक खडतर आहे. सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२१ रोजी या आरक्षणासाठी स्वतंत्र आयोग, प्रत्यक्ष माहितीवर आधारित आकडेवारी आणि एकूण ५० टक्क्यांची मर्यादा या तीन अटी घातल्या. त्यानंतर बांठिया आयोगाचा अहवाल आला आणि जुलै २०२२ मध्ये न्यायालयाने त्यानुसार निवडणुकांना परवानगी दिली. मधल्या काळात अनेक गावांत या जागा सर्वसाधारण धरून निवडणुका झाल्या, आणि ज्या लहान ओबीसी जातींची गावात दहा-पंधराच घरे आहेत त्यांच्यासाठी तो काळ म्हणजे पंचायतीच्या बाहेर राहण्याचा काळ ठरला.

सरपंच कोणी निवडायचा, हा नियम तर सहा वर्षांत तीनदा फिरला. २०१७ मध्ये फडणवीस सरकारने थेट जनतेतून निवड आणली, २०२० मध्ये ठाकरे सरकारने ती रद्द करून पुन्हा सदस्यांमधून निवड सुरू केली, आणि २०२२ मध्ये शिंदे सरकारने थेट निवड परत आणली. दोन्ही पद्धतींत गावचे राजकारण पूर्णपणे वेगळे चालते. सदस्यांमधून निवड असेल तर ९ पैकी ५ जण ज्याच्याकडे तो सरपंच. मग निकाल ते निवड या दिवसांत पाच जणांना देवदर्शनाला किंवा गोव्याला नेऊन ठेवले जाते. थेट निवडीत ही पळवापळवी थांबते, आणि उमेदवाराला प्रत्येक वाडी-वस्तीवर मत मागायला जावे लागते. म्हणून मला थेट निवड बरी वाटते. तिचा दोषही मोठा आहे. मतदार सरपंचपदासाठी चांगला चेहरा पाहतो आणि सदस्यपदासाठी आपली भावकी, त्यामुळे सरपंच एका पॅनेलचा आणि बहुमत दुसऱ्याचे असा निकाल लागतो, आणि प्रत्येक ठरावावर गाडी अडते. थेट निवडलेल्या सरपंचाला काढायचे तर तीन चतुर्थांश सदस्यांचा अविश्वास ठराव पुरेसा नसतो, तो ग्रामसभेत गुप्त मतदानाने मंजूर व्हावा लागतो.

तालुक्याला गाव का हवे असते?

सरपंचाचे मानधन सप्टेंबर २०२४ मध्ये दुप्पट झाले तरी दोन हजारांपर्यंतच्या गावात ते महिन्याला ६,००० रुपयेच आहे. मग यासाठी लाखो रुपये कोण आणि का खर्च करतो? एक उत्तर निधीत आहे. चौदाव्या वित्त आयोगाने २०१५ पासून पाच वर्षे सगळा निधी थेट ग्रामपंचायतींच्या खात्यावर दिला. पंधराव्या आयोगाच्या निधीतील ८० टक्के वाटा ग्रामपंचायतीला, १० टक्के पंचायत समितीला आणि १० टक्के जिल्हा परिषदेला ठरला. पूर्वी जिल्हा परिषद सदस्याच्या दारात जाऊन मागावे लागे ते काम आता गावच्या ठरावावर होते, आणि रस्ता, गटार, पाण्याची टाकी यांचे ठेके कोणाला मिळणार हेही तेथेच ठरते.

दुसरे उत्तर सहकारात आहे आणि ते शहरी वाचकाला सहसा माहीत नसते. कृषी उत्पन्न बाजार समितीच्या १८ संचालकांपैकी ११ जण विविध कार्यकारी सेवा सोसायट्यांचे संचालक निवडतात, ४ जण ग्रामपंचायत सदस्य निवडतात, २ व्यापारी-अडत्यांमधून आणि १ हमाल-मापाड्यांमधून येतो. म्हणजे तालुक्यात शंभर ग्रामपंचायती असतील तर बाजार समितीच्या चार संचालकांसाठीचे मतदार जेमतेम नऊशे ते हजार. ज्या गावात पॅनेल आले तेथील सात-नऊ मते हक्काची झाली. गावच्या सोसायटीचेही तसेच : तिच्या संचालकांची मते बाजार समितीला, आणि तिने ठरवलेल्या प्रतिनिधीचे मत जिल्हा मध्यवर्ती बँकेला. पीककर्ज, कांदा-सोयाबीनचा लिलाव, उसाची नोंद आणि दुधाचे संकलन या चार गोष्टी ज्याच्या हातात आहेत त्याच्या विरोधात उघडपणे उभे राहणे शेतकऱ्याला परवडत नाही. तालुक्याचा आमदार किंवा कारखान्याचा अध्यक्ष एखाद्या वाडीतील प्रभाग तीनच्या उमेदवारासाठी रात्री फोन का करतो, ते यातून कळते. आणि हुशार आमदार एकाच गावातील दोन्ही पॅनेलना आपलेच म्हणतो, कारण विधानसभेला त्याला दोन्हीकडची मते हवी असतात. निकालानंतर पक्षांचे दावे एकमेकांवर चढतात त्याचे हेही एक कारण आहे.

गावाबाहेर राहणारे मत हा कोकण आणि मराठवाडा या दोन्ही भागांत निर्णायक घटक आहे. कोकणात मुंबईच्या चाकरमान्यांसाठी गाड्या केल्या जातात. बीडमधील ऊसतोड कामगार दिवाळीनंतर कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात गेलेले असतात. १५ जानेवारी २०२१ ची निवडणूक ऐन हंगामात आली तेव्हा तीनशे-चारशे मतांच्या प्रभागात पन्नास माणसे फडावर होती की गावात, यावर निकाल अवलंबून राहिला. गाडी पाठवणाऱ्याला मत मिळते असा समज आहे. मजुराच्या बाजूने पाहिले तर तो एक दिवसाची मजुरी आणि मुकादमाची नाराजी पत्करून येतो, एवढे तरी लक्षात ठेवले पाहिजे.

बिनविरोध

त्या २०२१ च्या फेरीत १४,२३४ ग्रामपंचायतींच्या निवडणुका जाहीर झाल्या आणि मतदान झाले १२,७११ ठिकाणी. उरलेल्यांपैकी बहुतेक गावे बिनविरोध झाली होती. काही आमदारांनी बिनविरोध होणाऱ्या गावाला २५ लाखांचा निधी देण्याची घोषणा केली होती. भांडणे टळतात, खर्च वाचतो, पोलीस केस होत नाही, हे बिनविरोधाचे फायदे खरे आहेत. पण बिनविरोध ठरवते कोण? मंदिराच्या सभामंडपात बसलेली आठ-दहा माणसे. त्या बैठकीत वस्तीवरची बाई नसते, चार मतांच्या घरातील सुतार नसतो. निवडणुकीमुळे त्यांच्या दारात जो एक आठवडा येतो तोही मग येत नाही.

त्याच फेरीत नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी या दोन गावांत सरपंचपदाचा चक्क लिलाव झाल्याचे समोर आले. उमराण्यात बोली दोन कोटींच्या वर गेली, खोंडामळीत ४२ लाखांवर. पैसा मंदिरासाठी वापरायचा होता. राज्य निवडणूक आयोगाने दोन्ही गावांची निवडणूक प्रक्रियाच रद्द केली. हेतू धार्मिक होता, गाव एकत्र होते, कोणावर जबरदस्ती नव्हती, असा बचाव तेव्हा ऐकू आला. तो मला मुळीच मान्य नाही. ज्याच्याकडे दोन कोटी नाहीत त्याला उमेदवारीच नाकारली गेली, आणि ज्याने दोन कोटी दिले तो पुढील पाच वर्षे कोणाला उत्तर देणार?

याच फेरीत दोन आदर्श गावांचे निकाल आले. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरेबाजारात सुमारे तीन दशकांनी प्रथमच मतदान झाले आणि ते गाव घडवणाऱ्या पोपटराव पवारांच्या पॅनेलने सातही जागा जिंकल्या. छत्रपती संभाजीनगरजवळच्या पाटोद्यात ते गाव नावारूपाला आणणारे माजी सरपंच भास्करराव पेरे पाटील स्वतः उभे नव्हते. त्यांची कन्या उभी होती आणि ती पराभूत झाली. पहिल्या निकालाने पवारांच्या कामावर मतदारांची मोहोर उमटली, जी बिनविरोधात कधीच उमटली नसती. दुसऱ्या निकालाने दाखवले की गावाचा गौरव देशभर झाला तरी गावाला वेगळे काही म्हणायचे असू शकते.

निकालानंतरची निवडणूक

गुलाल उधळला की निवडणूक संपली असे गावात कोणी मानत नाही. हरलेला गट दुसऱ्या दिवशी कायद्याचे पुस्तक उघडतो. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरे अपत्य झाले आहे का, घरी शौचालय वापरात आहे का, ग्रामपंचायतीची कर थकबाकी आहे का, निवडणूक खर्चाचा हिशेब मुदतीत दिला का, राखीव जागेवरील सदस्याने जात वैधता प्रमाणपत्र दिले का, आणि सरकारी जागेवर अतिक्रमण आहे का. यांतील प्रत्येक अट एका चांगल्या हेतूने आली आहे. प्रत्यक्षात मात्र जिल्हाधिकाऱ्यांकडे जाणाऱ्या तक्रारी बहुधा हरलेल्या पॅनेलच्या असतात आणि त्यांचा रोख राखीव जागेवर निवडून आलेल्या माणसांवर अधिक असतो, कारण गायरानालगतच्या जागेवर घर असणे, कागदपत्रे अपुरी असणे हे गरिबाच्याच वाट्याला येते.

जळगाव जिल्ह्यातील विचखेडा येथे महिलांसाठी राखीव पदावर निवडून आलेल्या सरपंचांना याच कारणाने काढण्यात आले : त्या सासूबरोबर सरकारी जमिनीवर बांधलेल्या घरात राहतात, असा गावातील काहींचा आरोप होता. आपण त्या घरात राहत नाही, पती आणि मुलांसह वेगळे भाड्याच्या घरात राहतो, हे त्यांचे म्हणणे जिल्हाधिकारी, विभागीय आयुक्त आणि उच्च न्यायालय या तिन्ही पायऱ्यांवर टिकले नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पुन्हा पदावर बसवले आणि निवडून आलेल्या प्रतिनिधीला काढणे ही बाब, विशेषतः ग्रामीण भागातील स्त्रीच्या बाबतीत, इतक्या सहजपणे हाताळता येणार नाही असे बजावले. एका गावातील एका पदाचा वाद दिल्लीपर्यंत गेला. गावातल्या किती सरपंचांना तेवढा वकील परवडतो, हा प्रश्न त्या निकालानंतरही तसाच उभा आहे.